‘आरती’ म्हणालात, अर्धं मान्य: रॉड्री मॉर्गन यांच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

वेल्सचे माजी फर्स्ट मिनिस्टर (म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखे) रॉड्री मॉर्गन यांच्यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही ‘आरती’ म्हटलंत. अर्धं मान्य. इस्पितळांतल्या रांगांबद्दल मी एक ओळही लिहिली नव्हती. वेल्समधल्या न्यूपोर्टला गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तुमच्या आईंना किती काळ थांबावं लागलं हे वाचल्यावर ती गाळलेली ओळ मलाच टोचली. मॉर्गन यांच्या पहिल्या काही वर्षांत इंग्लंडमधल्या प्रतीक्षायाद्या आखडत होत्या आणि वेल्समधल्या लांबत होत्या. इंग्लंडने इस्पितळांना कडक मुदती घालून दिल्या, खासगी क्षेत्राला वाव दिला. मॉर्गन यांना आरोग्यसेवेत बाजार नको होता. नको तर नको, पण त्याच्या जागी रांग पुढे सरकवणारं काही त्यांनी वेळेत उभं केलं नाही. १ एप्रिल २००७ पासून वेल्समध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधं सगळ्यांना मोफत झाली, त्याचं मी भरभरून कौतुक केलं होतं. ते कौतुक कायम आहे, पण फुकट गोळ्यांनी गुडघा बदलत नाही, हे तुमचं वाक्य बिनतोड.

मॉर्गन म्हणजे ‘लंडनने वरून बसवलेला माणूस’ हे तुमचं म्हणणं मात्र साफ उलटं आहे. इथे जरा सविस्तर लिहितो.

मॉर्गन १९८७ पासून कार्डिफ वेस्ट मतदारसंघातून लेबर (मजूर) पक्षाचे ब्रिटिश संसदेतले खासदार. विरोधी बाकांवर असताना पक्षाचे प्रवक्ते होते, पण १९९७ मध्ये लेबर सत्तेवर आल्यावर पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी त्यांना साधं राज्यमंत्रीपदही दिलं नाही. त्याच वर्षी १८ सप्टेंबरला वेल्सला स्वतःची विधानसभा हवी का यावर सार्वमत झालं. होकार किती? ५०.३ टक्के. फरक अवघ्या ६,७२१ मतांचा, आणि कार्डिफने, म्हणजे राजधानीनेच, ‘नको’ म्हटलेलं. पुढे वेल्समधल्या लेबर पक्षाच्या नेतृत्वाच्या निवडणुकीत मॉर्गन आधी रॉन डेव्हिस यांच्याकडून हरले. डेव्हिस यांना पायउतार व्हावं लागलं, तेव्हा ब्लेअर यांनी अॅलन मायकल यांना पुढे केलं. मतदानाचे तीन समान गट होते: खासदार आणि उमेदवार, कामगार संघटना, आणि साधे सभासद. सभासदांत मॉर्गन यांनी बाजी मारली. पण काही मोठ्या संघटनांनी आपल्या माणसांना न विचारताच गठ्ठा मतं मायकल यांच्या पारड्यात टाकली, आणि मॉर्गन ४७.३२ विरुद्ध ५२.६८ असे हरले. हायकमांडने लादलेला नेता म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको. तो नेता मायकल होते, मॉर्गन नव्हेत.

मायकल यांचं सरकार अल्पमतातलं, ६० पैकी २८ जागांचं. युरोपकडून मिळणाऱ्या मदतीला जोडीचा पैसा लंडनच्या तिजोरीतून आणता येईना, म्हणून विरोधकांनी अविश्वास ठराव आणला. ९ फेब्रुवारी २००० रोजी मतदानाआधीच मायकल यांनी सभागृहातच राजीनाम्याचं पत्र अध्यक्षांच्या हाती दिलं. असे मॉर्गन खुर्चीवर आले आणि जवळजवळ दहा वर्षं राहिले. पद हवंय का, असं बीबीसीचे मुलाखतकार जेरेमी पॅक्समन यांनी टीव्हीवर विचारल्यावर ‘एका पायाचं बदक गोल गोल पोहतं का?’ असं उत्तर देणारा हा माणूस. त्याला तुम्ही विदूषक म्हणता. असेलही थोडा. पण निम्म्या लोकांना नको असलेली संस्था त्याच्या हाती आली होती, आणि २०११ च्या सार्वमतात तिला जादा अधिकार द्यायला ६३.५ टक्के लोकांनी होकार दिला. सगळं श्रेय एकट्याचं नाही. तरी ‘ही लंडनची शाखा नाही, आपली सभा आहे’ असं लोकांना वाटायला लागलं, त्यात या गप्पिष्ट, विस्कटलेल्या केसांच्या माणसाचा वाटा मोठा, असं माझं ठाम मत आहे.

आता माझी एक चूक. स्वानसीच्या डिसेंबर २००२ च्या भाषणात त्यांनी लंडन आणि कार्डिफ यांच्यामधल्या ‘स्वच्छ लाल पाण्या’बद्दल, म्हणजे लंडनच्या लेबरपेक्षा आपली वाट वेगळी आणि अधिक डावी असल्याबद्दल, उद्गार काढले, असं मी लिहिलं होतं. तुम्ही बरोबर पकडलंत. ते शब्द पत्रकारांना दिलेल्या छापील मजकुरात होते, प्रत्यक्षात ते बोललेच नाहीत. म्हणजे त्यांच्या कारकिर्दीतलं सगळ्यांत गाजलेलं वाक्य त्यांच्या तोंडून निघालेलंच नाही! लेखात दुरुस्ती केली आहे.

२००४ मध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या नॉर्मंडीच्या चढाईच्या साठाव्या स्मृतिसोहळ्याला न जाता ते गोल्फच्या रायडर चषकाच्या कामात राहिले, याचं समर्थन मी करणार नाही. वेल्श डेव्हलपमेंट एजन्सी, म्हणजे वेल्समध्ये उद्योग आणणारी संस्था, २००६ मध्ये सरकारी खात्यात विरघळवली, त्याबद्दलही तुमच्याच बाजूचा आहे. १९७६ पासून बाहेरच्या उद्योगांना ओळखीचं झालेलं नाव होतं ते, पुसायची गरज नव्हती.

राहता राहिलं, ‘पुण्याएवढीही वस्ती नसलेल्या मुलखाचा पुढारी मराठीत कशाला?’ अहो, तुम्ही स्वतः न्यूपोर्टहून मराठीत चारशे शब्द लिहून पाठवलेत की.

आरोग्यसेवेवरचा परिच्छेद रविवारपर्यंत लेखात घालतो. आईंचा अनुभव त्यात नाव न घेता वापरला तर चालेल का, तेवढं कळवा. आणि आता त्यांना जिना चढता येतो का?