“फसवल्याशिवाय कोण जातंय?” : काकांना उत्तर

काका, नमस्कार. इस्लाम स्वीकारणाऱ्यांविषयी मी जे लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की शिकलेला, खाऊनपिऊन सुखी माणूस आपणहून मुसलमान होतच नाही. लग्न, पैसा नाहीतर कुणीतरी डोक्यात भरवलेलं, यातलं काहीतरी असतंच. आणि मी धर्म बदलणाऱ्यांविषयी लिहिलं, पण त्यांच्या घरच्यांबद्दल एक ओळ नाही.

लग्नासाठी धर्म बदलतात, हे खरं आहे. पहिली बायको असताना दुसरी करायला इस्लाम घेणारे हिंदू नवरे होते, म्हणूनच १९९५ मध्ये सरला मुदगल खटल्यात सुप्रीम कोर्टाला असं लग्न रद्दबातल ठरवावं लागलं.

पण “खाऊनपिऊन सुखी” इथे मी अडलो. लिओपोल्ड वाइस हा ज्यू, आजोबा रब्बी म्हणजे ज्यू धर्मगुरू, स्वतः पत्रकार. १९२६ साली बर्लिनच्या भुयारी रेल्वेत त्याच्यासमोर एक श्रीमंत माणूस बसला होता. बोटात हिऱ्याची अंगठी, आणि चेहरा मात्र आतून काहीतरी ठणकत असल्यासारखा. डब्यात नजर फिरवली, तर बाकीचेही तसेच. घरी आला तर टेबलावर कुराण उघडं पडलेलं. समोर जी सूरा, म्हणजे कुराणातला अध्याय, होती तिचा आशय असा, की आणखी हवं, आणखी हवं करत तुम्ही कबरीपर्यंत जाता. थोड्याच दिवसांत तो मुहम्मद असद झाला. त्याला कुणी काय दिलं होतं, काका?

सेक्युलर व्यवस्था माणसाला मोकळीक देते आणि ती मला जिवापाड हवी आहे. पण दिवस कसा घालवायचा, मयताला खांदा कुणी द्यायचा, हे ती बघत नाही. कोल्हापुरात आपल्याला ही उणीव जाणवत नाही, कारण पेठ आहे, तालीम आहे, कुणी गेलं की गल्ली जमते. परक्या शहरात खोलीत एकट्यानं जेवणाऱ्याला पाच वेळच्या नमाजानं बांधलेला दिवस आणि रमजानमधली रोजची पंगत काय वाटत असेल, याचा विचार करा.

आपल्या देशात कारण अनेकदा याहून कडू असतं. १९८१ साली तमिळनाडूत मीनाक्षीपुरमच्या दलित कुटुंबांनी इस्लाम स्वीकारला. पैशांचे आरोप तेव्हाही झाले, पण त्या गावात जात काय होती ते आधी बघायला हवं. आपल्या माणगावात १९२० साली शाहू महाराज ज्यांच्या शेजारी उभे राहिले, त्या बाबासाहेबांनी १९३५ मध्ये येवल्यात “हिंदू म्हणून मरणार नाही” असं जाहीर केलं आणि मग वीसेक वर्षं धर्म पारखून बौद्ध धम्म घेतला. धर्म विचार करून बदलता येतो, याला आणखी कुठला दाखला हवा?

घरच्यांबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे, ते माझ्याकडून राहून गेलं. असदनं वडिलांना पत्र लिहून कळवलं. उत्तर आलं नाही. काही महिन्यांनी बहिणीनं लिहिलं, की त्यांच्या लेखी तू मेलास. तो लिहीतच राहिला. १९३५ साली वडिलांनी पुन्हा पत्रं सुरू केली, आणि १९४२ मध्ये नाझींनी त्यांना व्हिएन्नाहून नेईपर्यंत ती चालू होती.