डोळ्याला डोळा भिडवला कुणी?

गेल्या आठवड्यात गावच्या ग्रुपवर तो फोटो पुन्हा फिरला. मेलेल्या वाघावर पाय ठेवून उभे असलेले कुणी संस्थानिक, आणि खाली मजकूर: ‘तेव्हाचे मर्द वाघाच्या डोळ्याला डोळा भिडवत. पुरुषानं शिकार करायची, बाईनं चूल सांभाळायची हा निसर्गनियम. क्षत्रियाचा तर तो धर्मच. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्या शेळ्या केल्या.’ चाळीस अंगठे पडले.

आधी ते डोळ्यांचं बघू. 1911 मध्ये पंचम जॉर्ज नेपाळच्या तराईत शिकारीला गेला. दहा दिवसांत 39 वाघ आणि 18 गेंडे. हत्तींचं कडं करून वाघ आत कोंडायचा नि हौद्यात बसून बार काढायचा. आपल्याकडच्या शेवटच्या चित्त्यांचं तर विचारूच नका. 1947 च्या सुमारास, आताच्या छत्तीसगडातल्या कोरिया संस्थानात, रात्री, मोटारीतून. एकाच वेताचे तीन नर शेजारी शेजारी बसलेले; तिन्ही संपले.

आमच्याकडे डुकराची पारध व्हायची तेव्हा ठासणीची बंदूकवाला आडोसा धरून बसे. डबे बडवत, आरडाओरडा करत करवंदीच्या जाळीत शिरायचे ते हाकेवाले. हातात काठी, पाय अनवाणी. शेजारच्या एका आजोबांच्या पोटरीवर सुळ्याची वीतभर खूण होती. लहानपणी मी तिच्यावरून बोट फिरवलंय, मऊ, चकचकीत. फोटोत हाकेवाले कधीच नसत. मटणाचा वाटा मिळे, तोही बंदूकवाल्याचं झाल्यावर.

निसर्गनियम म्हणाल, तर पेरूमधल्या अँडीज पर्वतात सुमारे 9000 वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं. शेजारी दगडी पात्यांचा, शिकारीचा अख्खा संच. हाडं सतरा ते एकोणीस वर्षांच्या मुलीची निघाली. एका सांगाड्यावरून सगळं ठरत नाही, कबूल. मोठ्या जनावरांची शिकार बहुतेक समाजांत पुरुषच जास्त करत आले, हेही खरं. पण ‘जास्त’ म्हणजे ‘नियम’ नव्हे. झारखंडात उरांव आदिवासी बायका दर बारा वर्षांनी जनी शिकारीला निघतात, पुरुषी वेषात, धनुष्यबाण नि कुऱ्हाडी घेऊन. रोहतासगड हा किल्ला एकदा बायकांनी लढवला असं ते सांगतात, त्याची ती आठवण.

धर्माचं वाचून तर हसूच आलं. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाच्या कामज, म्हणजे वासनेतून येणाऱ्या व्यसनांची यादी आहे, तिच्यात पहिलंच नाव मृगया, म्हणजे शिकार. जुगार आणि दिवसाची झोप तिच्या मागून येतात. कौटिल्यानं शिकारीची बाजू घेतलीय खरी, पण व्यायाम होतो, चरबी झडते म्हणून! दशरथाचं नि पांडूचं शिकारीपायी काय झालं, ते कीर्तनाला बसलेल्या कुणालाही विचारा.

राहिला 1972 चा कायदा. वाघाच्या रानात पायी जाणारी माणसं त्यानंतरही आहेतच. नोव्हेंबर 2021 मध्ये ताडोबात खुणांची नोंद करत चाललेल्या एका वनरक्षक बाईंवर वाघिणीनं झडप घातली. त्या वाचल्या नाहीत. ती बातमी मी तेव्हा याच ग्रुपवर टाकली होती. तीन अंगठे आले होते, त्यातला एक माझ्या बहिणीचा.