विटेचे उपयोग मोजले म्हणजे सर्जनशीलता मोजली असं होत नाही

एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय: दोन मिनिटांत विटेचे सुचतील तितके उपयोग लिहा, 15च्या वर गेलात तर तुम्ही सर्जनशील, नाहीतर नाही, आणि अशी माणसं जात्याच अंतर्मुख नि अव्यवस्थित असतात. चाचणी खरी आहे, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गिल्फर्ड यांच्या परंपरेतली. निष्कर्ष मात्र टिकत नाहीत.

"जास्त उपयोग म्हणजे जास्त सर्जनशील." संख्येतून कळतो तो फक्त ओघ, म्हणजे किती भराभर सुचतं ते. भिंत, ओटा, कुंपण, पायरी, खांब असं करत कुणी 16 उपयोग लिहिले, तरी प्रकार एकच: बांधकाम. दुसऱ्यानं चारच लिहिले: चाकाला अडसर, कागदांवर वजन, भुकटी करून रंग, तापवून शेक. विविधतेत हा पुढे. नावीन्यासाठी सहसा गटात 5 टक्क्यांहून कमी लोकांना सुचलेल्या उत्तराला गुण देतात. त्यातही मेख आहे. यादी लांबली की दुर्मीळ उत्तर सापडण्याची शक्यता आपोआप वाढते, म्हणजे नावीन्याच्या नावाखाली पुन्हा ओघच मोजला जातो. म्हणून प्रत्येकाला स्वतःची सर्वोत्तम दोन उत्तरं निवडायला सांगावीत, आणि किमान तीन परीक्षकांनी एकमेकांचे गुण न पाहता 1 ते 5 गुण द्यावेत. त्यांचं आपसात जुळतच नसेल तर ते गुण वापरू नयेत.

"दोन मिनिटं पुरेत." सुरुवातीला सगळ्यांना सुचतं तेच सुचतं, वेगळं काही येतं ते नंतर. हे 1957 पासून माहीत आहे. सूचनाही महत्त्वाची: "जास्तीत जास्त लिहा" आणि "कल्पक लिहा" यांची उत्तरं वेगळी येतात.

"अंतर्मुख, अव्यवस्थित." सर्जनशीलतेशी सातत्यानं जुळणारा गुण आहे अनुभवांबद्दलचा खुलेपणा, म्हणजे नव्या गोष्टींची ओढ. पण त्यांचा सहसंबंध (दोन गोष्टी किती जुळतात त्याचा आकडा, पूर्ण जुळल्या तर 1) 0.3 धरला, तरी त्याचा वर्ग 0.09, माणसामाणसांतल्या फरकाचा जेमतेम 9 टक्के भाग त्यातून उलगडतो. अव्यवस्थितपणाबद्दल मानसशास्त्रज्ञ फाइस्ट यांनी 1998 मध्ये अनेक अभ्यास एकत्र केले, तेव्हा कलावंतांमध्ये काटेकोरपणा इतरांपेक्षा कमी आढळला, वैज्ञानिकांमध्ये जास्त. कुठल्या क्षेत्राबद्दल बोलतोय हे न सांगता स्वभावाचा शिक्का मारणं चुकीचंच आहे.

"कमी गुण म्हणजे सर्जनशीलता नाही." हे वाचून एखादं मूल चित्रं काढायचं थांबलं, तर ते नुकसान खरं आहे. चित्रकला तपासायची तर विटा कशाला? मानसशास्त्रज्ञ अमाबिले यांची 1982ची पद्धत सरळ आहे: सगळ्यांना एकच साहित्य द्या, चित्रं काढून घ्या, क्रम बदलून जाणकारांपुढे ठेवा, आणि प्रत्येकाकडून स्वतंत्र गुण घ्या.