एमएस झाला म्हणून लगेच राजीनामा?

सध्या एक मेसेज फिरतोय: ‘मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) म्हणजे हळूहळू येणारा अर्धांगवायू. निदान झालं की नोकरी सोडा, पूर्ण विश्रांती घ्या, दगदगीनं नसा झिजतात. कंपन्यांनाही असा माणूस परवडत नाही.’ पाठवणाऱ्यांच्या मनात काळजीच असणार. पण यावर विसंबून राजीनामा दिला, तर तो मागे घेता येईलच असं नाही.

आधी अर्धांगवायूचं बघू. एमएसमध्ये स्वतःचीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरच्या मायलिनच्या आवरणावर हल्ला करते. साधारण ८५ टक्के लोकांत आजार सुरू होतो तो रिलॅप्सनं, म्हणजे येऊन ओसरणाऱ्या झटक्यानं: नजर धूसर होते, पाय बधिर होतो आणि काही आठवड्यांत बरंचसं भरून येतं. आजाराची चाल बदलणारं पहिलं औषध १९९३ साली मान्य झालं. आज अशी डझनाहून जास्त औषधं आहेत. मेसेजमधलं चित्र त्याआधीच्या काळातलं आहे. काहींचा आजार झपाट्यानं वाढतो, हे खरंच. पण कुणाचा वाढेल, हे निदानाच्या दिवशी सांगता येत नाही. निदान बहुधा विशी ते चाळिशीत होतं, म्हणजे नोकरीची बरीच वर्षं बाकी असतात. तेव्हा ऐन रिलॅप्समध्ये, स्टेरॉइड चालू असताना तरी राजीनाम्याचा निर्णय घेऊ नये.

‘दगदगीनं नसा झिजतात’ याला आधार नाही. गोंधळ कुठून होतो, तेही कळतं. अंग तापलं की मायलिन गेलेल्या तंतूंतून संदेश अडखळतात. नजर अंधूक होते, पाय जड पडतात. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्ये हे नोंदवलं होतं. बघणाऱ्याला वाटतं, कामानं आजार वाढला. पण अंग निवलं की त्रास ओसरतो, त्यातून नवी इजा होत नाही. इथे राजीनाम्यापेक्षा पंखा जास्त उपयोगी. पूर्ण विश्रांतीचा सल्ला पूर्वी डॉक्टरही देत. आता तेच झेपेल तेवढा व्यायाम करायला सांगतात. ताणाचा रिलॅप्सशी संबंध काही अभ्यासांत दिसला आहे, पण पगार थांबल्याचा ताण काय कमी असतो?

आता परवडण्याचं. नोकरी बहुतेकदा जाते ती न दिसणाऱ्या गोष्टींनी: थकवा, मीटिंगमध्ये ऐन वेळी शब्द न आठवणं, लघवीची घाई. ही शेवटची तर कुणी साहेबाला सांगतच नाही. दर तासाला जागेवरून उठणारा माणूस कामचुकार ठरतो. वर ‘दिसतोस तर ठणठणीत!’ हे ऐकून घ्यायचं. टॉयलेटजवळची जागा, डोक्याचं काम सकाळी, दुपारी थोडा वेळ पाठ टेकायची मुभा, मीटिंगचे मुद्दे लेखी, प्रवासानं दमणाऱ्याला काही दिवस घरून काम. यातल्या बहुतेक गोष्टींना खर्च जवळजवळ नाही. उलट अनुभवी माणूस गमावून नवा शिकवायचा, तर त्याला पैसे लागतात. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारातलं २७ वं कलमही कामाच्या ठिकाणी असे वाजवी बदल करायला सांगतं.

उंचावरचं, भट्टीजवळचं किंवा जड वाहन चालवण्याचं काम असेल, तर मात्र जागेची अदलाबदल पुरत नाही, कामच बदलावं लागू शकतं. ते बोलणं साहेबाशी लवकर काढावं, आणि जाताना ‘मला एमएस आहे’ एवढंच न सांगता काय बदल हवा, किती दिवसांसाठी, हे एका कागदावर लिहून न्यावं.