म्हणे, तान्ह्या लेकराला काय कळतंय!

खानापूर-निपाणीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय: बाळंतिणीचं डिप्रेशन हे शहरातलं फॅड, आपल्या आज्यांना कधी झालं नाही, आई गप्प असली तरी तान्ह्याला काय कळतंय, घरात आजी आहे ना, आणि गोळ्या सुरू केल्या की दूध तोडावं लागतं. असे मेसेज वाचून घरचे बाईला दवाखान्यात न्यायचं टाळतात, म्हणून उत्तर देतेय.

फॅड? चोर्ला घाट उतरलं की गोवा. तिथल्या बाळंतिणींवरचा मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळ सहा-आठ आठवड्यांचं असताना २३ टक्के आया नैराश्यात होत्या. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेलं नातं आणि मुलगी झाल्याचा ताण यांचा त्याच्याशी संबंध दिसला. यातलं काय आज्यांच्या काळात नव्हतं?

'तान्ह्याला काय कळतंय' हे सगळ्यात घातक. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७०च्या दशकात एका प्रयोगात आयांना सांगितलं, बाळाशी खेळा आणि मग दोनतीन मिनिटं चेहरा निर्विकार ठेवा. काही महिन्यांची बाळं आधी हसून, हुंकार देऊन, हात पुढे करून आईला परत बोलवू बघतात. जमलं नाही की तोंड फिरवतात, रडतात. आपण हसलो की समोरचं माणूस हसतं, हे लेकरू आईशी अशा रोजच्या खेळातच शिकतं. आईचं नैराश्य महिनोन् महिने चाललं, तर हा सराव कमी पडतो. पुढे अंगणवाडीत अशी काही मुलं कोपरा धरतात, काही लगेच चिडतात. सगळीच नाहीत. आजार किती तीव्र, किती लांबला, यावर बरंच ठरतं. आणि आई मुद्दाम गप्प बसत नाही. तिच्यावर बोट दाखवणाऱ्यांचा मला राग येतो.

आजीचं म्हणाल तर ते अर्धं खरं. बाळाशी बोलणारं, खेळणारं दुसरं माणूस खरंच आधार देतं. पण त्यानं आईचा आजार बरा होत नाही.

गोळ्यांचं सरळ आहे: सर्ट्रालिनसारखं नैराश्यावरचं औषध आईच्या दुधात फार कमी उतरतं. डॉक्टरांना न विचारता दूध तोडू नका, गोळीही बंद करू नका. सौम्य आजारात नुसत्या समुपदेशनानंही फरक पडतो. आशाताईंना सांगा, किंवा टेलि-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, रात्रीही लागतो. जिवाचं बरंवाईट करण्याचं ती बोलली, तर तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.