चार पुल रिक्वेस्ट आणि एक टी-शर्ट

आधी माझाच गुन्हा सांगून टाकतो.

ऑक्टोबर २०२०. कोरोनामुळे आमचा शनिवारचा कोडिंग ग्रुप गूगल मीटवर भरायचा. दुसऱ्याच्या खुल्या कोडमध्ये बदल सुचवणाऱ्या चार पुल रिक्वेस्ट (पीआर) महिनाभरात पाठवल्या की डिजिटलओशन या क्लाउड कंपनीकडून हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमाचा टी-शर्ट मिळायचा. मी पोरांना स्क्रीन शेअर करून दाखवलं: रिपो (प्रोजेक्टच्या कोडचं कोठार) फोर्क करा, म्हणजे स्वतःची प्रत काढा, रीडमी ही प्रोजेक्टची ओळख सांगणारी फाइल उघडा, काहीतरी सुधारा, पाठवा. तासाभरात ग्रुपवर ‘सर, झालं!’चा पाऊस. त्या ‘काहीतरी’चा अर्थ मी सांगितलाच नव्हता. एकाने रीडमीच्या शीर्षकापुढे ‘अमेझिंग प्रोजेक्ट’ जोडलं, दुसऱ्याने एक स्वल्पविराम काढला, तिसऱ्याने तोच परत घातला.

जगभर असाच कचरा पडत होता. शेवटी ३ ऑक्टोबरला आयोजकांनी नियम बदलला: रिपोचा मालक स्वतःहून तयार असेल तिथल्याच रिक्वेस्ट मोजायच्या. तरी २०२४ मध्ये एक्सप्रेस या वेबसाइट बनवायला लागणाऱ्या खुल्या प्रोजेक्टच्या वाट्याला तेच आलं. पीआर कशी पाठवायची हे शिकवायला एका भारतीय व्हिडिओत एक्सप्रेसच्या रीडमीत नाव घालून दाखवलं होतं. बघणाऱ्यांनीही आपापली नावं घालून शेकडो रिक्वेस्ट पाठवल्या. नोडवर (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवायचं साधन) काम करणाऱ्याला एक्सप्रेस माहीत नाही असं होत नाही, पण ते सांभाळणारी माणसं मूठभर, तीही फावल्या वेळात. त्यांनी संध्याकाळी घरी येऊन ही नावं झाडत बसायचं.

म्हणून ‘हे हौशी ग्रुप बंद करा’ असं कुणी चिडून म्हणतं तेव्हा मला राग येत नाही. पटत मात्र नाही. हौशी लोकांवरची ही ओरड जुनीच आहे. फेब्रुवारी १९७६ मध्ये बिल गेट्सने हौशी मंडळींना उघड पत्र लिहून सुनावलं होतं की तुमच्यातले बहुतेक जण सॉफ्टवेअर चोरता. तक्रार खोटी नव्हती. कॅलिफोर्नियातल्या होमब्रू कॉम्प्युटर क्लबात त्याच्या बेसिक या सॉफ्टवेअरच्या कागदी टेपच्या प्रती खुशाल वाटल्या गेल्या होत्या. पण त्याच क्लबात ॲपलचा सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियाकने ॲपल-१ या कॉम्प्युटरचे आराखडेही फुकट वाटले. तिथे येणारा माणूस काहीतरी हातात घेऊन यायचा. बोर्ड, आराखडा, गेला बाजार एखादा न सुटलेला बिघाड.

आमच्याकडे असं फार क्वचित घडतं. एकदा घडलं ते सांगतो. बीकॉमची एक मुलगी आली. तिच्या मामाचं तालुक्यात साप्ताहिक, वीस वर्षांचे अंक जुन्या फाँटमध्ये अडकलेले. युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, उघडले की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. अक्षराला अक्षर बदलणं अर्ध्या दिवसात झालं. मग वेलांटी आडवी आली. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप केलेली, युनिकोडला ती नंतर हवी. ‘किती’ला ठीक. ‘स्थिती’ला वेलांटीने अख्ख्या जोडाक्षरावरून उडी मारायची. रफाराचं उलटं: ‘कार्य’मध्ये तो य नंतर टाइप केलेला, इथे य च्या आधी यायला हवा. तीन शनिवार आम्ही सातजण फळ्यावर फक्त वेलांट्या इकडून तिकडे हलवत होतो. चहाचं बिल सोडलं तर खर्च शून्य. त्या मुलीने आजवर एकही पीआर पाठवलेली नाही, पण मामाचे अंक आता सर्च करता येतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की ग्रुप बिघडतो तो मोजायला लागला की. किती पीआर, किती सर्टिफिकेट, गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरच्या प्रोफाइलवर रोजच्या कामाचे किती हिरवे चौकोन. कोड कच्चा असला तर बिघडत नाही, कच्चा कोड आपल्याच खोलीत राहतो. मोजणीचा भार मात्र पलीकडच्या अनोळखी माणसावर पडतो, आणि तो माणूस आहे हेच आम्ही पोरांना सांगत नाही.

आता आमच्याकडे नियम केलाय: जे स्वतः वापरत नाही त्याच्या रिपोला हात लावायचा नाही. यावरून गेल्या महिन्यात एक मुलगा भांडून गेला. प्लेसमेंट तोंडावर आहे आणि तुमच्यामुळे माझं प्रोफाइल रिकामं राहिलं, म्हणाला. त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.