वहीनं पाऊस पडत नाही, हे खरंच: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी धारा काढून झाल्यावर पुन्हा वाचली. मागच्या लेखात मी तीन गोष्टी सांगितल्या होत्या. शेतीची वही आणि घराची वही वेगळी ठेवा. वर्षाचा घरखर्च बाजूला राहील असं बघा. आणि दुष्काळाच्या वर्षात व्याजाच्या पैशानं बोअर पाडू नका. त्यावर तुम्ही लिहिलंत: "वहीनं पाऊस पडत नाही आणि भावही येत नाही. तीन एकर कोरडवाहूवाल्याला वर्षाचा खर्च बाजूला ठेवा म्हणणं म्हणजे उपाशी माणसाला उपासाचं महत्त्व सांगणं. चूक सरकारची आणि उपदेश मात्र शेतकऱ्याला." शेवटी लिहिलंत की सोसायटीचं कर्ज थकलंय, म्हणून बाहेरून साठ हजार उचलून बोअर घ्यायचं ठरतंय.

दुसऱ्या मुद्द्यावर तुमचं बरोबर आहे. वर्षाचा खर्च रोख बाजूला ठेवणं तीन एकरांत होत नाही. माझ्या सात एकरांतही ते फक्त एकदा जमलं, आणि त्या एका वर्षाच्या जोरावर मी सगळ्यांना सांगायला गेलो. ते वाक्य मी मागं घेतो. त्याच्या जागी काय म्हणायला हवं होतं ते पुढं सांगतो. पण आधी बोअरचं, कारण तुमचा साठ हजारांचा आकडा वाचल्यापासून माझं मन थाऱ्यावर नाही.

२०१५ साली मीही साठ हजारच घेतले होते. औसा तालुक्यात लागोपाठ दुसरं वर्ष कोरडं चाललं होतं. चार महिन्यांनी, २०१६ च्या एप्रिलमध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते तुम्हाला आठवत असेल. माझी अर्धा एकर मोसंबी वाळत होती. पाणाड्यानं तळहातावर नारळ धरून जागा दाखवली, बोअरची गाडी रात्री नऊला आली. दोनशे फुटांपर्यंत ओल लागली, थोडं पाणी उडालं, आम्ही सगळे पुढं सरकलो. मग पुन्हा कोरडी भुकटी. पिठासारखी करडी भुकटी उडत होती आणि मी दर पन्नास फुटांना "अजून एक रॉड" म्हणत होतो. साडेपाचशे फुटांवर गाडीवालाच म्हणाला, "मालक, थांबवू का?" पहाटे बायकोच्या केसांवर, दावणीतल्या बैलांच्या पाठीवर, सगळीकडं ती भुकटी बसली होती.

व्याज शेकडा तीन रुपये महिना. म्हणजे साठ हजारांचे महिन्याला १,८००, वर्षाला २१,६००. तीन वर्षांत ६४,८०० रुपये नुसतं व्याज गेलं आणि मुद्दल जागच्या जागी. २०१८ ला पुन्हा पाऊस गेला, तेव्हा बैलजोडी विकून आणि बहिणीकडून थोडे घेऊन मुद्दल मिटवलं. दुष्काळात बैलाला बाजारात काय मोल येतं ते तुम्ही जाणता. २०१५ च्या दुष्काळानं माझं एक पीक आणि ती मोसंबी नेली. बोअरच्या कर्जानं बैल नेले, आणि बैल गेले त्या दिवसापासून नांगरट, पाळी, पेरणी सगळ्याला ट्रॅक्टरचं भाडं लागलं, ते आजतागायत चालू आहे. हे मला कळलं ते वहीत तीन वर्षांची पानं एकाशेजारी एक लावली तेव्हा. तोवर मीही सगळा दोष पावसालाच देत होतो.

म्हणून वही. ती शेतकऱ्याला गुन्हेगार ठरवायला नाही. आलेलं संकट किती मोठं आणि आपण अंगावर ओढून घेतोय ते किती मोठं, एवढं वेगळं दिसावं म्हणून.

आता भाव आणि सरकार. २०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनचा देशातला सर्वात कोरडा ऑगस्ट होता, आणि आपलं सोयाबीन तेव्हा फुलात-शेंगात होतं. माझा एकरी खर्च त्या वर्षी १९,००० आला: बी, खत, तणनाशक, दोन फवारण्या, काढणी, मळणी. घरच्यांची मजुरी त्यात धरलेली नाही. बऱ्या वर्षी आठ क्विंटल निघतं, तेव्हा क्विंटलचा खर्च २,३७५ पडतो. त्या वर्षी निघालं ३ क्विंटल ८० किलो. खर्च पडला क्विंटलला ५,०००, आणि आडतीवर विक्रीची पट्टी हातात आली क्विंटलला ४,५५० ची. पुढच्या हंगामाला सरकारनं हमीभाव ४,८९२ काढला, तो ३,२६१ रुपये उत्पादन खर्च धरून. तो खर्च साऱ्या देशाचा सरासरीनं काढलेला. पाऊस गेलेल्या वर्षी आपला खर्च दुप्पट होतो हे त्या सरासरीत कुठं दिसत नाही. हे मी तुमच्याच बाजूनं बोलतोय. २०२१ च्या ऑगस्टमध्ये लातूरच्या बाजारात सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेलं, त्याच महिन्यात १२ लाख टन सोयापेंडीच्या आयातीला परवानगी मिळाली, आणि नवा माल निघेपर्यंत भाव निम्म्याच्या आसपास आला. त्यावर भांडलंच पाहिजे. फक्त भांडायला जाताना "परवडत नाही" एवढंच तोंडी सांगण्यापेक्षा पाच वर्षांचा एकरी हिशोब हातात असला तर समोरच्याला उडवून लावता येत नाही. आमच्या गावातले अकरा जण आता असा हिशोब लिहितात.

आता बाजूला काय ठेवायचं ते. पैसा ठेवणं जमत नसेल तर दाणा आणि कडबा ठेवा. आमच्या आजोबांच्या वाड्यात पेव होतं, म्हणजे जमिनीतलं धान्याचं कोठार. ज्वारी त्यात उतरवायची, तोंड मातीनं लिंपून टाकायचं. बहात्तरच्या दुष्काळात आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची, पण पेवातली ज्वारी होती म्हणून घरातला एकही दागिना सावकाराकडं गेला नाही, असं ती अजून सांगते. आपण ज्वारी सोडून सगळं रान सोयाबीनला दिलं, आणि त्याबरोबर घरचं धान्य गेलं, वैरणही गेली. सोयाबीनचं भुसकट जनावर किती दिवस खाणार? मग पाऊस गेला की पीठही विकत, कडबाही विकत, आणि त्यासाठी व्याजाचे पैसे. मी २०१९ पासून दोन एकर मालदांडी ज्वारीला देतो. पैशाच्या हिशोबानं ती सोयाबीनपुढं कमीच पडते, वहीत तसंच दिसतं. पण २०२३ ला तिनंच घराला भाकरी आणि दोन म्हशींना वैरण दिली, आणि त्या वर्षी कुणापुढं हात पसरायची वेळ आली नाही. पाच माणसांच्या घराला सहा क्विंटल ज्वारी वर्षभर पुरते.

विमा काढाच, पण त्याच्या भरवशावर खर्च ठरवू नका. भरपाई महसूल मंडळाच्या, म्हणजे आसपासच्या गावांच्या गटाच्या, उत्पादनावर ठरते, तुमच्या वावरावर नाही. आणि पाऊस तर आता बांधागणिक वेगळा पडतो.

तुमच्या थकलेल्या कर्जाचं मात्र लगेच बघा. २०२३ ला आधी ४० तालुके आणि मग हजारावर महसूल मंडळं दुष्काळी सवलतींत आली. त्या सवलतींत कर्जाचं पुनर्गठन, म्हणजे फेडीचे हप्ते नव्यानं बांधून देणं, होतं, वसुलीला स्थगिती होती, वीजबिलात ३३.५ टक्के सूट होती. पुनर्गठन झालं की तुम्ही थकबाकीदार राहत नाही आणि नव्या पीककर्जाचा रस्ता उघडा राहतो. वेळेत फेडलं तर तीन लाखांपर्यंत ते कर्ज आपल्या राज्यात बिनव्याजी पडतं, आणि त्याच्या जागी तुम्ही शेकडा तीनचं घ्यायला निघालात. तुमच्या कर्जाचं पुनर्गठन होतं का, हे सोसायटीच्या गटसचिवाला तोंडी विचारू नका. लेखी अर्ज द्या, एका प्रतीवर पोहोच घ्या. मी तोंडी विचारलं होतं, "बघू" म्हणाले, मुदत निघून गेली.

घरात सोयाबीन असेल आणि ते पैशासाठी घाईनं विकावं लागत असेल, तर बाजार समितीत शेतमाल तारण योजना आहे का बघा. मालाच्या किमतीच्या ७५ टक्के रक्कम सहा टक्क्यांनी मिळते, सहा महिन्यांसाठी.

आणि तो बोअर. निदान या पावसाळ्याच्या अखेरपर्यंत थांबा, एवढी माझी विनंती आहे. त्या पैशाला तुम्ही अजून हात लावला नसेल तर मला कळवा, आपण तुमचा हिशोब एका कागदावर मांडू. मालदांडीचं बी माझ्याकडं आहे. एकराला चार किलो लागतं, पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून. अर्ध्या एकरापुरतं पेरायचं म्हणालात तरी दोन किलो बांधून ठेवतो.